खात्रीचे द्रव्य

गोल्फची काठी मी कधी हाती धरलेली नाही. तरी त्या खेळातील भाऊबंदकीच्या वार्ता गेली काही वर्षे आस्थेने वाचीत आलो आहे. अमेरिकेतील पीजीए टूरच्या बहुतेक स्पर्धा चार दिवस चालतात. परंतु दोन दिवसांअंती सुमारे निम्मे खेळाडू गळतात आणि रिक्त हस्ते परततात. २०२२ साली सौदी अरेबियाच्या सरकारी निधीच्या बळावर लिव्ह गोल्फ ही प्रतिस्पर्धी संस्था उभी राहिली. तिच्या पहिल्या स्पर्धेत ४८ खेळाडू तीन दिवस खेळले; कोणासही गाळले नाही, आणि शेवटच्यासही १ लक्ष २० हजार डॉलर मिळाले. तिकडे गेलेल्यांना टूरने निलंबित केले. ६ जून २०२३ रोजी तह जाहीर झाला. पण वर्ष सरले तरी अंतिम करार झाला नाही. २०२४ साली टूरनेही धनिकांचे भांडवल घेऊन खेळाडूंना भागीदार करण्याचे ठरविले.

मी मासिक वेतनावर जगणारा शिक्षक. खात्रीच्या पैशाला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. रिकाम्या हातांचे दुःख खरेच असते. तथापि हरण्यात काही गमवावयाचे नसेल, तर जिंकण्याला अर्थ कोणता? १९२५ साली अमेरिकेच्या खुल्या अजिंक्यपद स्पर्धेत बॉबी जोन्स याने, इतर कोणी पाहिले नसताही, आपला चेंडू हलल्याचे सांगून एका फटक्याचा दंड स्वीकारला. पुढे बरोबरी होऊन जादा खेळात तो हरला. तो हौशी खेळाडू; त्याला गमवावयाचे होते ते केवळ विजेतेपद, आणि तेच त्याने पणास लावले. विद्यार्थीमित्रांनो, असा फटका कोणत्या निधीच्या वहीत जमा करावयाचा?