ब्लडी

मंडळी, आज एका शिवीबद्दल लिहिणार आहे. नाक मुरडू नका, अगदीच किरकोळ शिवी आहे, आणि तीही साहेबाची. ब्लडी!

चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, इंग्रजीचा मास्तर रजेवर असला की त्याचाही तास घेतला. वर्गात कुणीतरी हमखास विचारायचं, "सर, ब्लडी म्हणजे रक्ताचा का?" शब्दकोशात पाहिलं तर आधी रक्ताळलेलाच आहे. पण 'ब्लडी फूल' म्हणणाऱ्याला त्या मूर्खाच्या अंगावर रक्त दिसत नसतं. बाया पोराला 'मेल्या' म्हणतात तेव्हा तो मरावा असं थोडंच वाटतं त्यांना? अर्थ झिजून जातो आणि नुसता जोर उरतो.

हा शब्द म्हणजे मेरीमातेच्या शपथेचं अपभ्रष्ट रूप, असं पूर्वी छातीठोक सांगत. अभ्यासकांना ते पटत नाही, रक्ताशीच नातं असावं म्हणतात. गंमत म्हणजे 'गलिव्हर'वाला स्विफ्ट 1711 साली आपल्या मैत्रिणींना पत्रं लिहिताना उकाड्याला हा शब्द सहज लावून गेला आहे. म्हणजे तेव्हा तो बायकांना लिहिण्याजोगा होता. पुढे तो गुत्त्यात गेला आणि सभ्य माणसांनी दार लावून घेतलं. इतकं, की 1914 मध्ये लंडनला शॉच्या 'पिग्मॅलियन'मध्ये फुलवाली एलायझा उंची दिवाणखान्यात हा शब्द बोलली तेव्हा वर्तमानपत्रांत गहजब झाला. (याच नाटकावरून पुलंनी 'ती फुलराणी' केलं, 1975 साली. भक्ती बर्वे! असो, ते पुन्हा कधीतरी.) पुढे 1964 मध्ये 'माय फेअर लेडी' सिनेमा आला तोवर ब्लडीने कुणी दचकेना. घोड्यांच्या शर्यतीत एलायझाच्या तोंडी दुसराच शब्द घालावा लागला. तरी 2006 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पर्यटनाच्या जाहिरातीत तो आला, तर विलायतेतल्या टीव्हीने आधी ती अडवली आणि मग सोडली.

साहेब तो कुठेही खुपसतो. चांगलं असलं तरी ब्लडी, वाईट असलं तरी ब्लडी. 'अ‍ॅबसोल्यूटली'च्या पोटात घालून 'अ‍ॅबसो-ब्लडी-लूटली' करतो. असा शब्दाच्या मधोमध शब्द कोंबण्याचा प्रकार मराठीत मला तरी सापडला नाही. आपण मात्र तो फक्त खेकसायला घेतला. ब्लडी फूल, ब्लडी रास्कल, संपलं.

आमच्या सिरोंच्यात तो आला जंगलखात्याबरोबर, असा माझा अंदाज. 1860 मध्ये निजामाकडून हा मुलूख इंग्रजांकडे आला, आणि अप्पर गोदावरी जिल्ह्याचं ठाणं इथेच होतं. साहेब गेले, सागवान राहिलं, आणि एक शब्द राहिला.

तो आमच्या दादांच्या तोंडी बसला. थोरले बंधू, 1961 साली वनरक्षक म्हणून लागले. शिक्षण सातवी. घरी मराठी, बाजारात तेलुगू, जंगलात माडिया, आणि इंग्रजीचा हा एकच शब्द, कुठल्याशा रेंजरकडून उचललेला. ब्लडी पाऊस, ब्लडी डोंगा, ब्लडी वाघ. एकदा तर जावयाला "ब्लडी पाव्हणे, जेवून जा" म्हणाले आणि जावईबापू हसत पाटावर बसले.

इथे तीन-चार भाषा एकमेकींत मिसळलेल्या, त्यामुळे कुणाला काय लागेल याचा नेम नाही. 'साला' ही हिंदीत शिवी. आमच्याकडे तेलुगूत 'बावा' म्हणून हाक मारली, तर नातं तेच मेहुण्याचं, पण खांद्यावर हात पडतो. आणि आमचं 'काय बे'! नागपूर-चांद्याकडचा पोरगा पुण्याच्या हॉस्टेलात पहिल्याच दिवशी जिवाभावाने 'काय बे' म्हणतो आणि समोरच्याचं तोंड उतरतं. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी सुट्टीत येऊन हे मला रडवेल्या तोंडाने सांगितलं आहे. मी त्यांना म्हटलं, शब्द तुमचा चांगलाच आहे, फक्त गाव पाहून काढा.

हे सगळं आज आठवायचं कारण, दादांच्या दुसऱ्या वर्षश्राद्धाला घरची मंडळी एक छोटी स्मरणिका काढताहेत. मी दोन पानं लिहून दिली. पुतण्याने फोन केला, "काका, लेख छान आहे, पण तेवढा शब्द काढू या. सासरची माणसं वाचतील, पोरं वाचतील." त्या जागी त्याने 'मिश्कील स्वभावाचे' असं घातलंय. मिश्कील तर अर्धा तालुका आहे! कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, मिश्कील... ही विशेषणं कुठल्याही फोटोखाली चालतात. ती वाचून मला दादांचा आवाज ऐकू येत नाही. मी त्याला सांगितलंय, शब्द काढायचा तर माझी दोन्ही पानं काढ. तो नाराज आहे. हे वाचतोय हेही मला ठाऊक आहे, म्हणून बाबा, एक गोष्ट तुझ्यासाठी, तू तेव्हा लहान होतास.

ऑगस्ट 1986. गोदावरीला महापूर. प्राणहिता फुगून मागे रेटलेली, दोन्ही नद्यांचं पाणी शेतांतून वर चढत होतं. दादांची ड्यूटी नदीकाठच्या एका गावात होती आणि दोन दिवस त्यांचा पत्ता नव्हता. तुझी आई तुला मांडीवर घेऊन ओसरीत बसून होती, जेवली नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी गुडघाभर चिखलातून ते आले. अंगावर खाकी सदरा तेवढा होता, चपला गेल्या होत्या. तुझ्या डोक्यावर हात ठेवला, आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "ब्लडी देवाची कृपा."

तुझी आई रडता रडता हसली होती. तिला विचार.