बटण आहे का त्याला?

पाहुण्यांना कुपर्टिनो दाखवणं हा आता आमच्या घरचा कुळाचार झाला आहे. १९९८ साली आम्ही सनीव्हेलला राहायला आलो तेव्हा भारतातून येणारे नातेवाईक गोल्डन गेट, लोंबार्ड स्ट्रीटचा वळणावळणाचा उतार आणि परतीच्या वाटेवर एखादं देऊळ एवढ्यावर खूश असत. आता विमानतळावरून घरी येतानाच विचारणा होते, "ते ॲपलचं गोल ऑफिस लांब आहे का गं तुमच्याकडून?" लांब नाही, गाडीने दहा-बारा मिनिटं. पण आत जाता येत नाही, हे मी आधीच सांगून टाकते. नंतर हिरमोड नको.

बघायला मिळतं ते टँटाऊ ॲव्हेन्यूवरचं व्हिजिटर सेंटर. ते २०१७च्या नोव्हेंबरात उघडलं. खाली दुकान आणि कॅफे, वर गच्ची. गच्चीवरून झाडांच्या आडून त्या अवाढव्य कड्याचा एक तुकडा तेवढा दिसतो. चार मजले, घेर जवळजवळ दीड किलोमीटर, आत बारा हजार माणसांची बसायची सोय. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथे सगळ्या आवाराची ॲल्युमिनियमची प्रतिकृती मांडली होती. हातात एक आयपॅड देत. तो प्रतिकृतीवर धरला की छप्पर बाजूला सरकून आतले मजले दिसत. खरी इमारत समोर रस्त्यापलीकडे उभी, आणि आम्ही सगळे माना खाली घालून ती टॅबलेटमधून बघतोय! माझ्या मामेसासऱ्यांनी त्याचाही फोटो काढला.

मला स्वतःला तिथली झाडं आवडतात. हे सांता क्लाराचं खोरं मुळात फळबागांचं. जर्दाळू, आलुबुखार, चेरी. चिप्स बनायला लागायच्या आधी याला 'व्हॅली ऑफ हार्ट्स डिलाइट' म्हणत. स्टीव्ह जॉब्स ७ जून २०११ रोजी कुपर्टिनोच्या नगर परिषदेपुढे या इमारतीचा प्रस्ताव घेऊन उभे राहिले, तेव्हा त्यांनी या बागांची आठवण काढली होती. लोकांसमोर ते शेवटचेच आले. त्या ऑक्टोबरात ते गेले. पुढे त्या आवारात नऊ हजारांच्या आसपास झाडं लावली गेली, त्यांत जर्दाळूही आहे. १९१६ सालचं एक लाकडी कोठारही त्यांनी ठेवलं आहे. कुणाला खरीखुरी बाग बघायची असेल तर मी सनीव्हेलच्या कम्युनिटी सेंटरशेजारची शहराच्या मालकीची दहा एकर जर्दाळूची बाग दाखवते. तिथे मात्र कुणी फोटो काढत नाही.

२०२५च्या मार्चमध्ये मी पाहुण्यांशिवाय, स्वतःच्या कामासाठी कुपर्टिनोला गेले. ४ तारखेला नवा आयपॅड जाहीर झाला होता. अकरावी पिढी, ए-१६ चिप, १२८ जीबी, ३४९ डॉलर. माझा आयपॅड २०१८चा, म्हणजे सहाव्या पिढीचा. त्याला २०२४पासून नवी प्रणाली मिळणं बंद झालं. यातली गंमत अशी की सातव्या पिढीतही तीच ए-१० चिप आहे, पण तिला नवी प्रणाली मिळाली. तिच्यात मेमरी तीन जीबी, माझ्यात दोन. एका जीबीने घात केला. तरी माझा टॅबलेट बंद पडलेला नव्हता. गाणी वाजत होती, पुस्तकं उघडत होती, रियाझाला तंबोरा लागत होता. थोडा दमत होता, एवढंच. तशी मीही दमते.

आता, आपल्या घरांत अपग्रेडचा एक नियम आहे, तो मंडळातल्या कुणाला समजावून सांगायची गरज नाही. नवं आलं की आपलं जुनं मुलांना, मुलांचं भारतात. डिसेंबरच्या बॅगेत चॉकलेटं, बदाम, व्हिटॅमिनच्या बाटल्या आणि पायमोज्यात गुंडाळलेला एक जुना फोन. तिकडेही कौतुक होतं. पण आपल्याला नकोशी झालेली वस्तू आईवडिलांना 'भेट' म्हणून द्यायची, हे मला कधीच रुचलं नाही.

माझी आई सांगलीला असते, वय चौऱ्याऐंशी. खालच्या मजल्यावर दादा-वहिनी. तिच्याकडे २०१३चा आयपॅड एअर आहे, तोही असाच बॅगेतून गेलेला. डोळ्याच्या पडद्याच्या आजाराने तिला मधलं नीट दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. त्यामुळे छापील पुस्तकं सुटली. पण टॅबलेटवर दोन बोटांनी अक्षर बोराएवढं करून ती रोज वाचते. मी पाठवलेले जुने दिवाळी अंकही ती असेच वाचते, एका ओळीत चार शब्द मावतात तरी. तिचा टॅबलेट आयओएस १२वर थांबला तो थांबलाच. आधी वर्तमानपत्राचं ॲप उघडेना. मग बॅटरी दोन तासांवर आली. मे महिन्यात व्हॉट्सॲप आयपॅडवर आलं, तेव्हा मावश्यांचा गट आता मोठ्या पडद्यावर बघता येईल म्हणून ती हरखली, तर ते तिच्या टॅबलेटवर बसेना.

म्हणजे टॅबलेटची गरज मला होती त्याहून तिला जास्त होती. मी फोनवर जाहीर केलं, "आई, या वेळी तुला नवा कोरा आणते. माझा जुना नाही."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाली, "अगं, पण बटण आहे का त्याला?"

बटण नाही. खालचं गोल बटण साध्या आयपॅडवरून २०२२च्या दहाव्या पिढीपासून गेलं, आणि त्याच वेळी हेडफोनचं भोकही गेलं. आता घरी परतायचं तर बोट पडद्याच्या खालच्या कडेवरून वर सरकवायचं. माझ्या मुलाला हे सांगावंसुद्धा लागलं नव्हतं. आईला मात्र दादाने बारा वर्षांपूर्वी एकच मंत्र दिला होता, "काही चुकलं, काही कळेना, की गोल बटण दाब." त्या मंत्रावर तिचा सगळा व्यवहार चालतो. शिवाय ते बटण ती डोळ्यांनी शोधतच नाही, अंगठ्याने चाचपून शोधते.

मी व्हिजिटर सेंटरच्या दुकानात नवा टॅबलेट हातात घेऊन हे सगळं करून पाहिलं. सेटिंगमध्ये जाऊन पडद्यावर एक गोल बटण आणता येतं. ते कुठेही सरकवून ठेवता येतं, चांगली सोय आहे. पण ते काचेवरचं चित्र. डोळे मिटून बोट फिरवलं तर सगळीकडे सारखंच गार, गुळगुळीत. बोटाचा ठसा घेणारं खरं बटण आहे, ते वरच्या कडेला, बारीक फटीसारखं. ते दाबलं तर पडदाच काळा होतो. आईने तो काळोख पाहिला असता तर तिने टॅबलेट दादाच्या हवाली करून देवाचं पुस्तक मागितलं असतं. दुकानातला मुलगा फार सभ्य होता. आपण डोळे मिटून टॅबलेट का कुरवाळतो आहोत, हे त्याने विचारलं नाही.

घरात मग मतं पडली. चिरंजीव म्हणाले, "एअर घे, एम-३ चिपचा, आठ वर्षं बघायला नको." नवरा म्हणाला, "काहीच घेऊ नकोस, पुढच्या वर्षी आणखी नवा येईल." हे तो १९९८पासून प्रत्येक वस्तूबद्दल म्हणत आला आहे, आणि ते प्रत्येक वेळी खरंही असतं.

जूनमध्ये पुण्याहून मावसबहीण आली, तेव्हा मी तिला माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये नेलं. शोरलाइन बुलेव्हार्डवरची ही इमारत पूर्वी सिलिकॉन ग्राफिक्सची होती. आत मण्यांच्या पाटीपासून क्रे-१पर्यंत सगळं आहे. माझ्या मते गोल ऑफिसपेक्षा पाहुण्यांना हे दाखवावं. इथे आत जाता येतं आणि पाय दुखेपर्यंत फिरता येतं.

टॅबलेटची वंशावळ मला तिथेच नीट कळली. मूळ पुरुष ॲलन के. त्यांनी १९६८च्या सुमारास मुलांसाठी एक हातात धरायचा संगणक कल्पिला आणि त्याचा पुठ्ठ्याचा नमुना बनवला. 'डायनाबुक' नावाने १९७२ साली त्यावर निबंध लिहिला, तेव्हा ते इथूनच जवळ, पालो आल्टोच्या झेरॉक्स पार्कमध्ये होते. मग १९८९चा ग्रिडपॅड, वजन दोन किलोच्या आसपास. १९९३ साली ॲपलचा न्यूटन आला. त्याला हस्ताक्षर वाचता येईना म्हणून व्यंगचित्रांतून त्याची टर उडाली, आणि १९९८ साली जॉब्स यांनीच तो बंद केला. २७ जानेवारी २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या मंचावर खुर्चीत आरामात बसून त्यांनी पहिला आयपॅड दाखवला, त्याआधी एवढं सगळं होऊन गेलं होतं.

पण मी खिळून राहिले ती एका लाकडाच्या तुकड्यापाशी. जेफ हॉकिन्स यांनी ग्रिडपॅड बनवला होता. पुढे पामपायलट करायचं ठरवल्यावर त्यांनी आधी त्याच मापाचा लाकडी ठोकळा कापला आणि तो खिशात घालून हिंडले. कुणी भेटीची वेळ मागितली की ठोकळा काढायचा आणि काडीने त्यावर टिपल्यासारखं करायचं. आपण हे खरोखर वापरू का, कितीदा वापरू, खिशात बोचतं का, हे बघायला. आत एक तारसुद्धा नव्हती. मावसबहीण म्हणाली, "भातुकलीच की गं ही." मला मात्र ही सगळ्या खोऱ्यातली सर्वांत शहाणी वस्तू वाटली.

त्यानंतर मी आठवडाभर एक वही टॅबलेटशेजारी ठेवली. मी काय करते ते टिपलं. सकाळी तंबोरा, स्पीकरची वायर हेडफोनच्या भोकात. दुपारी वाचन. पेन्सिलीने बंदिशींच्या पीडीएफवर खुणा. रात्री सांगलीला फेसटाइम. यातलं एकही काम जुना टॅबलेट करत नाही असं नव्हतं. उलट नव्यावर वायर लावायला वेगळा जोड, माझ्या पेन्सिलीला वेगळा जोड. दादालाही आईचं असंच टिपायला सांगितलं. त्याने दुसऱ्याच दिवशी कळवलं, "बटण एका तासात एकवीस वेळा. मी मोजायचं थांबवलंय."

माझाच जुना तिला देऊन नवा मी घ्यावा, हा सरळ मार्ग होता. बटण आहे, व्हॉट्सॲपही बसेल. पण त्याचं आयुष्य सरत आलेलं. दोन-तीन वर्षांत तिचं एकेक ॲप पुन्हा मिटत जाणार, आणि सत्त्याऐंशीव्या वर्षी तिला पुन्हा नवं काही शिकवायचं म्हणजे अवघडच.

जूनमध्येच पुढच्या प्रणालीची, आयपॅडओएस २६ची यादी आली होती. तीत सातवी पिढी गळली, पण नववी होती. नववी पिढी म्हणजे २०२१ची, ए-१३ चिपची. गोल बटण असलेला हा शेवटचा आयपॅड. २०२४च्या मे महिन्यात कंपनीने त्याची विक्री थांबवली. पडदा आईच्या टॅबलेटपेक्षा थोडा मोठा, १०.२ इंचांचा. हेडफोनचं भोक जागेवर. आणि बटणात बोटाचा ठसा घ्यायची सोय, म्हणजे पासवर्डचे सहा आकडे डोळ्यांजवळ धरून शोधायला नकोत. बाजारात नवं काय आलंय ते बघायला निघालेली मी शेवटी बाजारातून गेलेल्या मॉडेलपाशी येऊन थांबले.

ते शोधायचं कुठे? पूर्वी फ्राइजमध्ये एक चक्कर मारली की काहीही मिळायचं. ते २०२१च्या फेब्रुवारीत बंद झालं. सनीव्हेलचं विअर्ड स्टफ वेअरहाउस, जिथे जुन्या यंत्रांचे डोंगर होते, ते त्याआधीच, २०१८ साली. शेवटी एल कमिनोवर किराणा आणि भुवयांच्या थ्रेडिंगच्या मधल्या एका लहान दुकानात दुरुस्त करून विकायला ठेवलेले टॅबलेट मिळाले. दुकानदाराने तीन काढून ठेवले. मी प्रत्येकाचं बटण आधी दाबून पाहिलं, पडदा नंतर. तिसऱ्याचं बटण चांगलं टणक होतं, दाबल्यावर टक् असं जाणवणारं. तोच घेतला. पावतीवर विक्रीकराखाली ई-कचऱ्याची फी होती. कॅलिफोर्नियात २००५पासून पडदा असलेली वस्तू विकत घेतानाच तिच्या विल्हेवाटीचे पैसे द्यावे लागतात. वरात निघतानाच तेराव्याचा खर्च!

मी माझा २०१८चाच ठेवला आहे. चिरंजीवांनी नाक मुरडलं, पण आजीचा टॅबलेट त्यानेच बसून लावून दिला. अक्षरं सगळ्यांत मोठी, पडदा काळा, अक्षर पांढरं, कारण तसं तिला बरं दिसतं. पहिल्या पानावर फक्त पाच चित्रं, प्रत्येकात भरपूर अंतर. मावश्यांचा गट तिच्या नंबरवरून दादा जोडून देईल. बोटाचा ठसा मात्र इथून घेता येत नाही. अंगठा सांगलीला आहे. तेवढं काम डिसेंबरवर ठेवलंय.