वारा वळतो तिथे

जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कोकण किनाऱ्यावर येऊन थडकणारा वारा त्याआधी केनियाच्या कडेने आलेला असतो. दक्षिण गोलार्धात तो आग्नेयेकडून निघतो, केनिया-सोमालियाच्या किनाऱ्याशी विषुववृत्त ओलांडतो, पूर्व आफ्रिकेच्या उंच पठाराला खेटून वळण घेतो आणि नैर्ऋत्येचा होऊन अरबी समुद्रावर सुटतो. जमिनीपासून दीडेक किलोमीटरवर वाहणारा हा वेगवान झोत जॉन फिंडलेटर या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाने 1969 मध्ये मांडून दाखवला. किनाऱ्यावरच्या स्वाहिली लोकांना मात्र वाऱ्याची ही जात शतकानुशतकं ठाऊक होती. दक्षिणेकडून येतो तो कुसी, आपल्या हिवाळ्यात उलट वाहतो तो कास्काझी. कास्काझीवर शिडं सोडून आपल्याकडची गलबतं मोंबाशाला जायची आणि कुसीवर माघारी यायची. वास्को द गामाने वेगळं काहीच केलं नाही. 24 एप्रिल 1498 ला मालिंदीहून माहितगार वाटाड्या घेऊन तो निघाला आणि 20 मेला कालिकतजवळ पोचला. शौर्याच्या गोष्टींत वाऱ्याचं आणि वाटाड्याचं श्रेय नेहमी कमीच मांडलं जातं.

गंमत अशी की आपल्याला चिंब करणारा हा वारा केनियाच्या बऱ्याच भागाला कोरडंच ठेवतो. जून ते सप्टेंबर तिथे पाऊस बेताचाच. पाऊस येतो तो दोनदा. मार्च ते मे मोठा, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर धाकटा. म्हणजे आपल्याकडे निघालेला पाऊस जाता-जाता एकदा केनियात मुक्काम करतो आणि परतीच्या वाटेवर पुन्हा एकदा. हे एवढं कळलं की तिथला प्राणी आज इथे का आहे आणि उद्या का नसेल, याचा उलगडा व्हायला लागतो.

आणि या वाटेवर पाऊस एकटा नसतो. आपला पावसाळा सरत आला की चतुरांचे थवे दिसतात, पिवळट, पारदर्शक पंखांचे. त्यातले कितीतरी समुद्रावर जातात. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने 2009 मध्ये दाखवून दिलं की दर ऑक्टोबरात तिथे लाखोंनी उतरणारे चतुर भारताकडून येतात आणि पूर्व आफ्रिकेच्या धाकट्या पावसाच्या दिशेने पुढे जातात. गोडं पाणी साचलं तिथे अंडी घालायची, एवढाच त्यांचा हिशेब. त्यांच्याच मागोमाग अमूर ससाणे. नागालँडमध्ये 2013 साली उपग्रह-यंत्रं बसवून सोडलेले ससाणे भारतीय द्वीपकल्पावरून अरबी समुद्रात घुसले आणि न थांबता सोमालियाच्या किनाऱ्याला लागले. लोणावळ्याच्या पठारावर नोव्हेंबरात पक्षीमित्र दुर्बिणी लावून बसतात ते यांच्याच वाटेकडे डोळे लावून. आणि उलट दिशेने, आपल्या पहिल्या पावसाच्या आगेमागे येणारा चातक. उत्तर आणि मध्य भारतात येणारे चातक आफ्रिकेतून येतात असं पक्षीतज्ज्ञ मानतात. आपल्या कवींनी त्याला तहानलेला म्हणून अजरामर केलं. इतका समुद्र ओलांडून आलेल्या पाखराला तहान लागली असेल तर नवल नाही.

हे ससाणे मी केनियातल्या त्सावोत पाहिले, नोव्हेंबरात. त्सावो पूर्व आणि पश्चिम मिळून वीस हजार चौरस किलोमीटरहून मोठा मुलूख. माती गेरूसारखी लाल, आणि ती अंगावर उडवून घेणारे हत्तीही लाल. पावसाआधी इथली काटेरी झुडपं मेल्यासारखी करडी असतात. दोन-चार सरी झाल्या की आठवड्याभरात सगळं हिरवं. आम्ही पोचलो तेव्हा नुकताच पाऊस पडून गेला होता, आणि ड्रायव्हर तोंड पाडून बसला होता. जागोजाग डबकी भरली, हत्तींना नदीवर यायची गरज उरली नाही, आता ते कुठेही असतील, असं त्याचं म्हणणं. पाहुण्यांना हत्ती दिसले नाहीत की बक्षिशी बुडते, हेही त्याने न लपवता सांगितलं.

हत्ती नाहीत म्हणून आम्ही जमिनीकडे बघायला लागलो. रस्त्यावरून एक वाणी चालला होता, आपल्या पावसाळ्यात अंगणात फिरतो तोच, पण वितीहून लांब आणि बोटाएवढा जाड. किनाऱ्याकडचे लोक त्याला गमतीने मोंबासा ट्रेन म्हणतात. पायांची लाट मागून पुढे सरकत जाते आणि देह मात्र रुळावरून चालल्यासारखा सरळ. ड्रायव्हरने गाडी थांबवून त्याला रस्ता ओलांडू दिला. संध्याकाळी वारुळाच्या भोकांतून पंखवाली वाळवी बाहेर पडायला लागली. आधी एक-दोन, मग धूर निघावा तशी. भोकाच्या तोंडाशी सैनिक वाळव्या पहाऱ्याला, आणि मधून ही नाजूक, उडण्यात अगदीच कच्ची मंडळी ढकलली जाताहेत. वर ससाण्यांची गर्दी. एक ससाणा हवेतच पायाने वाळवी पकडायचा, मान खाली वाकवायचा, आणि चार पंख वेगळे होऊन भिरभिरत खाली यायचे. गाडीच्या बॉनेटवर त्या पंखांचा थर साचला. सायबेरिया-मंचुरियाकडून निघालेला पक्षी नागालँड, महाराष्ट्र आणि समुद्र मागे टाकून इथे याच जेवणासाठी आलेला. त्या तासाभरात मला हत्तीची आठवणही झाली नाही.

मारात जे पाहिलं त्याबद्दल मला एवढं प्रेमाने लिहिता येणार नाही. मसाई मारा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं, नदीत उड्या टाकणारे विल्डबीस्ट. सेरेंगेटी आणि मारा मिळून बारा-तेरा लाख विल्डबीस्ट पावसामागून वर्षभर फिरत असतात. फेब्रुवारीच्या सुमारास दक्षिण सेरेंगेटीच्या कोवळ्या गवतावर त्यांची वासरं होतात, आणि जुलै ते ऑक्टोबर उत्तरेत, मारा नदीच्या दोन्ही अंगांना कळप असतो. तिथे ऐन कोरड्या महिन्यांतही सरी येतात, हे त्यामागचं कारण. नदी ओलांडणं हा या फेऱ्यातला एक तुकडा. तोही एकदाच घडतो असं नाही. गवत जिकडे, तिकडे कळप पुन्हा-पुन्हा आरपार जातो. पण आम्ही त्या तुकड्याची जत्रा केली आहे. कळप काठाशी येतो, पुढची जनावरं पाणी हुंगतात, आणि वरच्या दरडीवर ओळीने जीपा, छतातून बाहेर आलेली माणसं, चालू इंजिनं, वायरलेसवर एकमेकांना हाका. मी होतो त्या दिवशी दोन गाड्या उतरणीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि कळप तासभर उभा राहून माघारी फिरला. कुणीतरी वैतागून म्हणालं, ‘पैसे वाया गेले.’ मराठीतच म्हणालं.

2024 पासून मारात परदेशी पाहुण्याला जुलै ते डिसेंबर दिवसाला 200 डॉलर फी आहे, उरलेल्या महिन्यांत 100. एवढे पैसे मोजलेला माणूस धीर धरणार नाही, हे मला कळतं. पण विल्डबीस्टला खरा अडथळा गाड्यांपेक्षाही कुंपणांचा आहे. माराच्या ईशान्येला लोइताच्या माळावर केनियातलाच वेगळा कळप होता. तिथे शेती आणि तारेची कुंपणं वाढली, आणि तो कळप पार आटला. त्याचे फोटो काढायला कुणी येत नाही.

केनियाचा पाऊस अलीकडे बेभरवशाचा झाला आहे, तो दोन्ही टोकांनी. 2020 च्या अखेरीपासून ओळीने पाच हंगाम कोरडे गेले. उत्तरेकडे गुरं गेली, हत्ती गेले, अंगावर बारीक पट्टे असलेला दुर्मीळ ग्रेव्ही झेब्राही गेला. मग 2023 च्या धाकट्या पावसाने पूर आणले, आणि 2024 च्या मोठ्या पावसात, 1 मेला, तलेक नदी फुगून माराच्या काठावरचे तंबू पाण्याखाली गेले. पर्यटकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. यातही आपलं नातं सुटत नाही. 2019 मध्ये हिंदी महासागराची पश्चिम बाजू नेहमीपेक्षा बरीच तापली होती. त्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली बुडालं आणि वर्ष संपता-संपता केनियात दरडी कोसळल्या. दोन्हींचं खापर एकट्या समुद्रावर फोडता येणार नाही. आपण नदीपात्रात काय बांधलं तेही त्यात आलंच. पण समुद्र एकच आहे.

या सगळ्याच्या वर, विषुववृत्ताला अगदी खेटून, माउंट केनिया उभा आहे. 5199 मीटर. सर्वांत वरचं बातियान शिखर दोरावर चढणाऱ्यांचं. आपल्यासारख्या सह्याद्रीत पाय मळलेल्यांनी 4985 मीटरच्या लेनानावर समाधान मानावं. सिरिमोनच्या वाटेने मॅकिंडर दरीत शिरलं की झाडं वेडीविद्री होतात. माणसाहून उंच सेनेसिओ, ज्यांची मेलेली पानं झडत नाहीत, खोडाभोवतीच गोधडी होऊन राहतात. इथे दिवसा उन्हाळा आणि रात्री हिवाळा, वर्षातले बाराही महिने. झाडाला रोजच थंडीतून तरायचं असतं. पहाटे एका लोबेलियाशी वाकलो. पानांच्या गोल वाटीत पाणी साठलेलं, त्यावर बर्फाचा पापुद्रा. बोटाने दाबला तर मोडला. खाली पाणी तसंच, गोठलेलं नाही, आणि त्या पाण्याच्या आत कोवळा कोंब सुखरूप.

1943 साली याच डोंगराच्या पायथ्याशी, नान्युकीच्या छावणीत, काही इटालियन युद्धकैदी होते. त्यातले तिघं फक्त चढाईसाठी पळाले. नकाशा म्हणून त्यांच्याजवळ मांसाच्या डब्यावरचं डोंगराचं चित्र होतं. लेनानावर इटलीचा झेंडा रोवून ते स्वतःहून छावणीत परत हजर झाले. फेलिचे बेनुत्सीने पुढे त्यावर पुस्तक लिहिलं. साहसाचा इतका निरुपयोगी आणि म्हणून इतका शुद्ध नमुना मला दुसरा ठाऊक नाही.

त्यांनी पाहिलेली लुईस हिमनदी आता ओळखू येणार नाही. 1934 ते 2010 या काळात तिचं नव्वद टक्के बर्फ गेलं, आणि त्यानंतरही जातंच आहे. यात उष्णतेइतकाच कोरड्या हवेचा हात आहे. समुद्रावरून येणारी वाफ कमी पडली, हिम कमी पडलं. लेनानावरून खाली पाहिलं तर खडकांच्या कुशीत मळकट पांढरा तुकडा दिसतो. वाटाड्या म्हणाला, त्याच्या वडिलांच्या वेळी त्यावरून चालत जायचे.

तेव्हा जाणार असाल तर माझं ऐका. डोंगर जानेवारी-फेब्रुवारीत करा, हवा तेव्हा सर्वांत निवळ असते, आणि लुईस पाहायची असेल तर फार वर्षं लावू नका. प्राण्यांसाठी नोव्हेंबरात त्सावोला जा. प्लास्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा, केनियात 2017 पासून बंदी आहे. हत्ती कदाचित दिसणार नाहीत. एजंट तुम्हाला सांगेल की तेव्हा सीझन नसतो. त्याचं ऐकू नका.