केळीच्या पानावर, ताल सरोवराच्या काठी

परदेशात जेवायला बसायचं म्हटलं, की आपल्या पोटात पहिला गोळा येतो तो काट्याचमच्यांचा. तेव्हा मुलीकडे म्हणा, यजमानांबरोबर म्हणा, फिलिपिन्सला जायचा योग आलाच, तर मनिलाच्या दक्षिणेला साठेक किलोमीटरवरच्या तागायतायला एक दुपार जरूर काढा. गाव उंचावर, हवा गार. खाली ताल सरोवर आणि त्याच्या मधोमध ज्वालामुखी. (तो झोपलेला नाही बरं का! जानेवारी २०२० मध्ये त्याची राख थेट मनिलापर्यंत गेली होती.) इथल्या बागेतल्या खानावळींत झावळ्यांनी शाकारलेल्या बांबूच्या खोपटात निवांत जेवता येतं.

एरवी हे लोक उजव्या हातात चमचा आणि डाव्या हातात काटा धरून जेवतात. पण 'कामायान' सांगितलंत, तर टेबलभर केळीची पानं अंथरतात. मधे भाताची रास, भोवती मासे, भाज्या, फळं आणि सगळ्यांनी हातानंच जेवायचं. जुनी रीत ही. स्पॅनिश आणि अमेरिकन अमलात ती गावंढळ ठरली होती, आता लेकीसुना हौसेनं मागवतात. मात्र पानावर कुणाची हद्द आखलेली नसते. उष्ट्याखरकट्याचा विचार करणाऱ्या आपल्या बायकांना पहिला घास जरा जडच जातो. तेव्हा सुरुवातीलाच आपल्यापुरता भात बाजूला ओढून घ्यावा, हे उत्तम.

'लाइंग' मात्र चुकवू नका. अळूची वाळवलेली पानं नारळाच्या दुधात, मिरच्या घालून शिजवलेली असतात. घसा खाजू नये म्हणून आपण अळूत चिंच घालतो. तिकडच्या बायका म्हणतात, पानं शिजेपर्यंत ढवळूच नका! त्यांची चिंच जाते 'सिनिगांग'मध्ये. मुळा, भेंडी, चवळीच्या शेंगा घातलेलं हे आंबट कढण भातावर घ्यावं.

शाकाहारी मैत्रिणींनो, "भाजी आहे ना?" एवढ्यानं तिथे भागत नाही. लाइंगमध्ये बहुधा डुकराचं मांस किंवा कोळंबीची खारवलेली चटणी असते, म्हणून "बाबोय आहे का, बागूंग आहे का, पातिस आहे का?" असं एकेक नाव घेऊन विचारा. पातिस म्हणजे माशाचं खारं पाणी. तागायतायचा प्रसिद्ध 'बुलालो' तर गाईच्या नळीच्या हाडांचा रस्सा.

मासे खाणारीनं तळलेल्या 'ताविलिस'ची चौकशी करावी. मांदेलीसारखा कुरकुरीत, काट्यांसकट खायचा. जगात तो फक्त या एका सरोवरात सापडतो, आणि २०१९ पासून संकटग्रस्तांच्या यादीत आहे. बेतानंच मागवा.

आणि हो, टेबलावर व्हिनेगर, सोया सॉस, मिरच्या आणि कालामान्सी नावाची इवलीशी लिंबं ठेवलेली असतात. ज्यानं त्यानं आपल्या चवीचं तोंडीलावणं आपणच कालवायचं. त्यात स्वयंपाकिणीचा अपमान नाही. यजमान नुसतेच वाट बघत बसले, तर त्यांची वाटी त्यांच्याकडेच सरकवा!