मैलाचे खांब मोजताना

वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊनपासून मेरीलँडमधल्या कंबरलंडपर्यंत जुन्या सी अँड ओ कालव्याकाठी १८४.५ मैलांची कच्ची वाट आहे. पूर्वी इथे खेचरं नावा ओढत. काठाने मोटाररस्ता होऊ नये म्हणून १९५४ साली न्यायमूर्ती विल्यम डग्लस ती चालले, आणि वाट वाचली.

माझे वडील मधुमेहाने ५५व्या वर्षी गेले. मला ५५वं लागलं तेव्हा वर्षात १००० मैल सायकल चालवायचं ठरवलं. कालनिर्णयवर रोज आकडा लिहायचा. वाटेवर दर मैलाला खांब, त्यामुळे हिशेबात लबाडी नाही! जानेवारीत बर्फामुळे जेमतेम १२. ऑक्टोबरात पानांचे रंग बघत १५०. वर्षाची बेरीज ९४०. साठ राहिले, पण शुगर आटोक्यात आली.

मंडळी, ग्रेट फॉल्सपर्यंत साधारण १४ मैल. येताय ना? डबा आमच्याकडून!