आधी काय मागायचं

पाथर्डी तालुक्यातल्या एका शाळेत गॅदरिंगसाठी नाटुकलं बसवायला गेलो होतो. पाचवीच्या मुलांना चिठ्ठ्या वाटल्या आणि सांगितलं, जिनी आला तर काय मागाल ते लिहा, तीनच गोष्टी. माझी पद्धतच ही आहे. संहिता घरून लिहून न्यायची नाही, मुलांकडून माल गोळा करायचा आणि मग लिहायला बसायचं. सायकल आली, मोबाइल आला, ‘गणिताचा पेपर नको’ आलं. एका मुलानं तिन्ही ओळींत पाऊसच मागितला होता. आणि एका मुलीच्या चिठ्ठीवर एकच वाक्य होतं : मम्मी-पप्पा औंदा कारखान्याला जाऊ नये.

आमच्या भागात ‘कारखान्याला जाणं’ म्हणजे ऊसतोडीला जाणं. दिवाळी उरकली की पाथर्डी-शेवगावची गावं रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि उन्हाळा लागेपर्यंत ऊस तोडून ती फेडायची. मुलं आजीकडे राहतात, नाहीतर हंगामी वसतिगृहात. म्हणजे गॅदरिंग होतं त्या जानेवारीत ज्यांनी समोर बसून टाळ्या वाजवायच्या, तेच नेमके फडात असतात.

मुलांना जिनी टीव्हीतून ठाऊक असतो. माझ्या पिढीला तो नव्वदच्या दशकात दूरदर्शनवरच्या ‘अलिफ लैला’त भेटला. आताच्या मुलांचा जिनी म्हणजे डोरेमॉन. तो दिव्यातून निघत नाही, पण त्याच्या पोटावरच्या खिशातून जे निघतं ते इच्छापूर्तीचंच यंत्र असतं. १९६९च्या अखेरीस जपानी मुलांच्या मासिकांत जन्मलेलं हे निळं मांजर आज आमच्या वाड्यावस्त्यांवरच्या मोबाइलवर हिंदी बोलतं. त्याच्या बऱ्याचशा गोष्टी एकाच साच्यातल्या : नोबिता नावाचा मुलगा रडत येतो, डोरेमॉन यंत्र काढतो, नोबिता ते हवं त्यापेक्षा जास्त वापरतो आणि सगळं अंगावर उलटतं. मी हे भाग मुलांबरोबर मांडी घालून पाहिले आहेत, वहीत टिपणं काढत. त्यातलं एक मला फार मोलाचं वाटतं. नोबिताचं सुरुवातीचं दुःख कायम खरं असतं. जियान नावाच्या पोरानं त्याला खरोखर बदडलेलं असतं. मार नको असं वाटणं ही चूक आहे, असं ती गोष्ट कधीच म्हणत नाही. चूक पुढे होते, हातात ताकद आल्यावर.

हे टिपून ठेवलं होतं आणि तरी लिहिताना विसरलो.

इच्छा उलटवण्याच्या युक्त्या आपल्याकडे पुष्कळ आहेत. कुंभकर्णाला इंद्रासन हवं होतं, जीभ वळली आणि निद्रासन मागून बसला : ही शब्दाची चूक. भस्मासुराला वर मिळाला तो अगदी मागितला तसाच, पण आपल्याही डोक्यावर आपला हात पोहोचतो हे त्याच्या ध्यानात आलं नाही : ही विचाराची चूक. मला सर्वांत आवडतो तो राहू, कारण तो आमच्या जिल्ह्यातला. नेवाशाला मोहिनीराजाचं देऊळ आहे. देवांच्या पंगतीत चोरून बसलेल्या राहूचं मस्तक उडालं तेव्हा शिर पडलं ती राहुरी आणि काया पडली ते गोदाकाठचं कायगाव, असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगतात. त्याला अमरत्व हवं होतं आणि ते मिळालंही, पण नुसत्या डोक्याला. मागितलेलं पुरतं मिळावं आणि तरी माणूस अर्धा उरावा, याहून नेमकी रचना मला कुठल्या संहितेत सापडलेली नाही.

मी तेच तंत्र वापरलं. पाऊस मागणाऱ्याचा पाऊस पडला, पण काढून ठेवलेल्या कांद्यावर. पेपर नको म्हणणाऱ्याची शाळाच गायब झाली. मुलीचे आईवडील घरी राहिले आणि पुढच्याच प्रवेशात मुकादम उचल मागायला दारात उभा. वाचनाला मुलं खळखळून हसली, मुकादमाच्या एंट्रीला तर टाळ्याच पडल्या. ती मुलगी स्वतःचीच भूमिका वाचत होती. वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, “सर, म्हंजी म्या मागायलाच नको होतं का?”

त्या दिवशीची तालीम मी तिथंच थांबवली. पाऊस मागणाऱ्या मुलाकडेही माझ्यानं बघवेना. त्याच्या बापाचा कांदा मागल्या वर्षी अवकाळीत भिजला होता, हे मला ठाऊक होतं. गंमत म्हणून मी त्यांच्या गरजेलाच शिक्षा देऊन बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला उभा होतो. मुलांनी पसायदान म्हटलं. लहानपणापासून ऐकत आलेलं, पण त्या दिवशी नाटक लिहिणाऱ्याच्या कानानं ऐकलं. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशात ज्ञानेश्वरी पूर्ण झाल्यावर ज्ञानदेव देवाकडे मागतात. ज्याला जे हवं ते मिळो, हे मागणं त्यात आहेच. कुठल्याही जिनीला घाम फोडील असं मागणं. पण ते पहिलं नाही. त्याआधी दुष्टांच्या मनातला वाकडेपणा जायचा आहे, त्यांना चांगल्या कामाची गोडी लागायची आहे, जिवाजिवांत मैत्र जुळायचं आहे, अंधार सरायचा आहे. एवढं झाल्यावर मग सगळ्यांच्या इच्छा मोकळ्या सोडल्या आहेत, न भिता. तेव्हा कळलं, मला क्रम बदलायचा होता.

संहिता फाडली. नव्या नाटकात जिनी फसवत नाही. तो शेजारी बसतो आणि विचारतो, “याच्या आधी काय व्हायला पाहिजे?” पाऊसवाला मुलगा विचार करून सांगतो, आधी कांदा चाळीत भरू दे. पेपरवाला म्हणतो, आधी मला भागाकार येऊ दे. मुलं एकमेकांच्या इच्छा दुरुस्त करायला लागली आणि हे सगळे संवाद त्यांनी तालमीत स्वतः रचले. मी फक्त जागा ठरवल्या. जिनीही साधाच केला. तांब्याची घागर, तिच्यामागे काळ्या कापडाखाली दबून बसलेला मुलगा, उदाचा धूर आणि टॉर्चवर निळा जिलेटिन. आवाजासाठी त्याला रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलायला लावलं. मैदानावर तो आवाज कुठल्याही माइकपेक्षा खोल लागला.

गॅदरिंगच्या रात्री त्या मुलीची आजी पुढेच गोणपाट टाकून बसली होती. मुलीचा प्रवेश आला. जिनीनं विचारलं, “याच्या आधी काय व्हायला पाहिजे?”

ती बोलेना. तालमीत हे उत्तर तिनं वीस वेळा दिलं होतं. विंगेतून प्रॉम्प्टरनं हळूच शब्द टाकला : “उचल... उचल फिटू दे...” तिनं मागे न बघता हाताच्या इशाऱ्यानं त्याला गप्प केलं. टॉर्च धरणाऱ्या पोराचा हात हलायला लागला, तिच्या चेहऱ्यावर निळा उजेड थरथरत होता. समोर गोणपाटावर आजी डोक्यावरचा पदर सावरून ताठ बसली.

मग ती घागरीजवळ खाली बसली, जिनीच्या अगदी कानाशी गेली आणि म्हणाली, “थांब. मी मोजतीय.” आणि बोटांवर एकेक मोजायला लागली.