कासीयात्रा

बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या जुन्या वाड्यात काशीस जाऊन आलेल्या माणसाला वेगळाच मान असे. दारातच त्याच्या पायांवर पाणी घालीत, गंगेचा गडू देवघरात जाई, मावंदे होई, आणि घरातल्या बायका हटकून विचारीत, “काशीत काय सोडलंत?” कोणी पडवळ सोडलेले असे, कोणी सीताफळ. आमच्या आजोबांनी आंबा सोडला होता. पुढे वीस वर्षे वैशाखातल्या जेवणाच्या वेळी ते ओटीवर जाऊन बसत. आम्ही उभयतांनी काशी अद्याप पाहिलेली नाही. गेल्या जूनमध्ये मात्र ‘कासी’ पाहून आलो.

हे कासी फ्रान्सच्या दक्षिणेस भूमध्य समुद्रावर आहे. मार्सेयच्या पूर्वेला सुमारे २० किलोमीटरवरचे छोटेसे बंदर. लिहिताना नावाच्या शेवटी एक ‘स’ असतो, पण तेथील माणसे तो उच्चारीत नाहीत. ‘कासिस’ म्हणणारा परगावचा, हे लगेच ओळखू येते. तो उच्चार ब्लॅककरंट नावाच्या फळाचा आणि त्यापासून केलेल्या मद्याचा; गावाशी त्याचा संबंध नाही.

लेक आणि जावई मार्सेयला असतात, नात तिथलीच. यापूर्वी आम्ही दोनदा गेलो ते बाळंतपण आणि आजारपण अशा निमित्तांनी; हिंडणे म्हणून झाले नव्हते. या खेपेस लेकीने आग्रहाने बोलावले. त्या आग्रहामागे एक प्रश्न होता. तिने तो उघड विचारला नव्हता, पण आम्हांला ठाऊक होता. वाड्याच्या इतर सर्व वारसांच्या सह्या बिल्डरच्या कागदावर झाल्या आहेत, आमची तेवढी राहिली आहे. सही झाली की बडोद्यातच दोन खोल्या मिळतील. पण वाडाच राहणार नसेल तर मग बडोदेच का, असे लेकीचे म्हणणे. कासी दाखवण्यातला तिचा डाव आमच्या सौ.ने पहिल्याच दिवशी ओळखला. “मुलगी दाखवतात तसं गाव दाखवतेय,” ती म्हणाली.

मार्सेयविषयी मराठी वाचकाला नव्याने सांगावे असे थोडेच. मुंबईची टपालबोट येथे लागे आणि जिब्राल्टरचा वळसा वाचवण्यासाठी पुष्कळ प्रवासी येथेच उतरून आगगाडी धरीत. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीतून उडी घेतली ती याच बंदरात. येथे आलेला मराठी माणूस धक्क्यावर जाऊन काही वेळ पाण्याकडे बघत राहतो. आम्हीही राहिलो. पाहुण्यांना घेऊन तेथे अनेकदा गेलेले आमचे जावईबापू तेवढा वेळ मोटारीतच बसून होते.

मार्सेयहून कासी आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत येते. स्थानक मात्र गावापासून तीन-एक किलोमीटर वर आहे. तिथून खाली उतरताना दोन्ही बाजूंना द्राक्षमळे लागतात. वाइनला गावाचे नाव लावण्याचा हक्क फ्रान्सने १९३६ साली कायद्याने बांधून द्यायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्या काही नावांत कासीचे होते. येथील पांढरी वाइन नावाजलेली आहे. या विषयात आमचा अधिकार शून्य, जावईबापूंचा थोडा अधिक. गावाच्या पूर्वेस काप कानाय हा ३९४ मीटर उंचीचा तांबूस-गेरव्या रंगाचा कडा सरळ समुद्रात उतरतो. पश्चिमेस पांढऱ्या शुभ्र चुनखडीचे डोंगर आहेत. या पांढऱ्या डोंगरांतच ‘कालांक’ आहेत. कासीला येणारा मुख्यतः त्यांच्यासाठी येतो.

कालांक म्हणजे पाण्याने चुनखडीत कोरलेली दरी. शेवटच्या हिमयुगानंतर समुद्र वर चढला आणि या दऱ्या बुडाल्या. कोकणातील किंवा गोव्यातील वाचकाला खाडी म्हटले की चिखल, खारफुटी, तरीची वाट पाहणारी माणसे आठवतील. येथे त्यातले काही नाही. दोन्ही बाजूंना उभे पांढरे कडे, खडकाच्या फटीत पाय रोवून उभे असलेले वाकडे पाइन, आणि तळाचा खडा न् खडा दिसावा असे हिरवे-निळे पाणी. २०१२ साली या सर्व टापूचे राष्ट्रीय उद्यान झाले.

पहिल्या दिवशी पायवाटा बंद होत्या. १ जूनपासून ३० सप्टेंबरपर्यंत वणव्याचे भय किती, ते पाहून दुसऱ्या दिवशी वाटा उघड्या राहणार की नाही हे आदल्या संध्याकाळी जाहीर होते. सकाळी जोराचा वारा होता. तो पडल्यावर बंदरातून सुटणाऱ्या नावेत बसून आम्ही तीन कालांक पाहून आलो. लेक आणि नात कयाक घेऊन वल्हवीत गेल्या. आम्ही नावेच्या कठड्याला धरून त्यांची लाल ठिपक्याएवढी होडी नजरेने शोधत होतो.

नावाड्याने पश्चिमेकडच्या एका भूशिराच्या दिशेने हात केला. कासीत पाणबुड्यांचा व्यवसाय करणाऱ्या आंरी कोस्केर यांना १९८५ साली त्या भूशिराखाली एक गुहा सापडली. तिचे तोंड समुद्रात ३७ मीटर खोल आहे. तेथून लांबलचक भुयार वर चढत कोरड्या दालनात जाते. १९९१ साली त्या भुयारात तीन पाणबुडे मरण पावले आणि त्याच वर्षी कोस्केर यांनी शोध उघड केला. भिंतींवर घोडे आहेत, आता नामशेष झालेले पेंग्विनसारखे पक्षी आहेत, आणि माणसांच्या हातांचे ठसे आहेत. पंजा भिंतीला टेकवून भोवती रंग फुंकलेला, काहींची बोटे अर्धवट. काही ठसे तीस हजार वर्षांच्या आसपासचे. तेव्हा समुद्र शंभराहून अधिक मीटर खाली होता आणि गुहेचे तोंड किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत, कोरड्या डोंगरात. गुहेची प्रतिकृती २०२२ साली मार्सेयमध्ये खुली झाली, ती आम्ही आदल्याच आठवड्यात पाहिली होती. तेथे सौ.ने अंधारात आपला पंजा हवेत त्या ठशासमोर धरून पाहिला होता. “बाईचा असेल,” एवढेच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वाटा उघडल्या. थेपले, पाण्याच्या बाटल्या आणि आमची काठी घेऊन सातच्या सुमारास निघालो. पहिले लागते ते पोर मियू, म्हणजे मियू बंदर. फ्रेंचात ‘पोर’ म्हणजे बंदर, हे कळल्यापासून नात दर थोड्या वेळाने “आजोबा, मी बंदर आहे” असे म्हणत होती. या चिंचोळ्या कालांकाच्या काठावर जुनी दगडखाण आहे. कापलेल्या कड्याच्या पायऱ्या अजून दिसतात. येथला दगड तासून थेट होडक्यांत भरीत. तो पोर्ट सैद आणि अलेक्झांड्रियाच्या धक्क्यांना लागला असे कासीची माणसे सांगतात. पोर्ट सैदला उतरलेल्या आपल्याकडच्या किती पायांखाली तो आला असेल, याचा हिशेब आम्ही चालताना करू लागलो होतो. तेवढ्यात पाय घसरला आणि हिशेब राहिला.

वाटेवरचा दगड असंख्य पावलांनी घासून काचेसारखा झाला आहे. पोर पॅं या दुसऱ्या कालांकापर्यंत आम्ही बरे पोहोचलो. तिथून वाट चढते. सावली विरळ, पाणी कोठेच नाही, रोझमेरीचा आणि तापल्या पाइनचा वास. आं व्हो हा तिसरा कालांक सर्वांत सुंदर, त्याच्यासाठीच ही सारी पायपीट. परंतु तेथे उतरायची वाट म्हणजे सुट्या दगडांची घसरण. आमच्या उजव्या गुडघ्याने ती पाहिली आणि निकाल दिला. लेक म्हणाली, “बाबा, हळूहळू जाऊ, मी धरते.” आम्ही नाही म्हणालो, आणि ज्या स्वरात म्हणालो त्याचे पुढे दिवसभर वाईट वाटले. ती तिघे उतरून गेली. आम्ही उभयता एका पाइनखाली बसलो.

थेपले सोडता सोडता सौ.ने विषय काढला. “इथे राहायला आपल्याला काय होतंय? लेक आहे, दवाखाना जवळ आहे.”

“बोलायला कोण आहे?”

“अहो, तिकडे तरी कोण राहिलंय?”

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. आमच्या गल्लीत मराठी बिऱ्हाडे सोळा होती. आज तीन आहेत, आणि त्यांतल्या एकात नुसते कुलूप आहे. खालून पोहणाऱ्यांचे आवाज कड्यांवर आपटून वर येत होते. त्यात आपल्या नातीचा कोणता, ते आम्ही दोघेही ओळखू पाहत होतो.

तासाभराने ती घामाघूम होऊन वर आली. “आजोबा, पाणी हिरवी होती! आणि खूप थंड होती!” तिने एक पांढरा गोटा मुठीत आणला होता. उद्यानातून दगडही न्यायचा नसतो, म्हणून आम्हांला दाखवून झाल्यावर तिने तो पाइनच्या मुळाशी नीट ठेवला. फ्रेंचात पाणी स्त्रीलिंगी आहे हे आम्हांला मागाहून कळले. एरवी आमची जीभ दुरुस्तीसाठी शिवशिवली असती. पुण्याच्या पाहुण्यांनी आमचे गुजरातीमिश्रित मराठी जन्मभर दुरुस्त केले, तेव्हा काय वाटे ते आठवले आणि आम्ही गप्प राहिलो.

हा प्रांत प्रोव्हान्सचा. त्याची स्वतःची प्रोव्हान्साल भाषा आहे. तिच्यात लिहिणाऱ्या फ्रेदेरिक मिस्त्राल या कवीला १९०४ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्याच्या ‘कालांदाल’ या १८६७च्या काव्याचा नायक कासीचाच कोळी आहे. एका बाजूला हा सन्मान. दुसऱ्या बाजूला त्याच शतकात शाळेत घरची भाषा बोलताना पकडलेल्या पोराच्या हाती शिक्षेची खूण देत, आणि ती त्याने पुढच्या चुकार पोराच्या गळ्यात बांधायची. दोन दिवसांत बंदरावर आमच्या कानी फ्रेंचच पडले. कवीचे आडनाव मात्र वाऱ्याच्या रूपाने रोज कानी पडते. पहिल्या सकाळी आमच्या वाटा ज्याने अडवल्या त्या कोरड्या उत्तरवाऱ्यालाही ‘मिस्त्राल’च म्हणतात.

तिसऱ्या दिवशी काप कानायच्या माथ्यावरून मोटाररस्त्याने ला सियोता या शेजारच्या गावी गेलो. लुमिएर बंधूंनी स्थानकात शिरणाऱ्या आगगाडीचे चित्रण केले ते येथे, आणि त्यांची हलती चित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली ती ७ जुलै १८९६ला. स्थानक पाहिले, साधे आहे.

परतीच्या गाडीत नातीने, आजीकडून ऐकलेली काशीची गोष्ट घोळवून, विचारले, “मग तुम्ही कासीत काय सोडलं?”

“मी अजून ठरवलं नाही,” सौ. म्हणाली. “आजोबांनी आं व्हो सोडलं.”

“पण त्यांनी ते बघितलंच नाही. न बघितलेलं कसं सोडणार?”

लेक खिडकीबाहेर बघत होती. तिने आपला प्रश्न तेव्हाही विचारला नाही. मार्सेयला उतरताना तिने न बोलता आमच्या हातातली पिशवी घेतली, आणि आम्ही ती घेऊ दिली.

बडोद्यास परतून आता दोन महिने झाले. बिल्डरचा कागद टेबलावर आहे. पंख्याने उडू नये म्हणून त्यावर आजोबांच्या गंगेचा रिकामा गडू ठेवला आहे. सौ.ला हे पसंत नाही. रोज सकाळी ती तो उचलून देवघरात नेते आणि दुपारी आम्ही परत आणतो.